पाच गोळ्यांचा पुरावा

गेल्या विकांताला डॅलसहून एका मित्राची एक्सेल फाइल आली. मित्र आमच्या मुरुमचाच, शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. तिकडे जाऊन बरीच वर्षं झाली. घर घेतलं, घराबरोबर गॅरेज मिळालं, आणि गॅरेज मिळालेल्या मराठी माणसाचं जे होतं ते झालं: छंद लागला. कुणी लाकूडकाम करतं, कुणी शाडूचे गणपती करतं, हा पठ्ठ्या रायफलची काडतुसं भरतो. फाइलमध्ये बारा शीट्स, प्रत्येक शीटमध्ये पाच-पाच गोळ्यांचे वेग, आणि एक सेल हिरवा करून ठेवलेला. खाली एकच ओळ: "बघ लेका, एसडी चार आलाय. आता हजार यार्डावर मारायलो."

तर मंडळी, आजचा लेख त्या हिरव्या सेलबद्दल आहे. आणि थोडासा आपल्या कोल्हापूर-पुण्याच्या नेमबाज पोरांबद्दल. दोन्हींचा संबंध पुढे येईल, जरा धीर धरा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. बार झाल्यावर पुंगळी शिल्लक राहते आणि ती पुन्हा वापरता येते. अमेरिकेत हौशी नेमबाज ती घरीच पुन्हा भरतात, कायद्याला ते चालतं. पैसे वाचतात हे घरी सांगायचं कारण. खरं कारण वेगळं: प्रत्येक काडतूस आधीच्या काडतुसासारखं व्हावं, म्हणजे प्रत्येक गोळी त्याच वेगानं बाहेर पडावी.

वेग सारखा कशाला हवा? गुरुत्वाकर्षण. हजार यार्ड म्हणजे ९१४ मीटर. नेहमीच्या ७.६२ मिमी रायफलीची गोळी तिथं पोचायला दीड सेकंदाहून जास्त घेते आणि तेवढ्यात दहा मीटरच्या आसपास, म्हणजे तीन मजले, खाली येते. हे तीन मजले दुर्बिणीचं बटण फिरवून आधीच भरून काढता येतात, पण वेग ठरल्याप्रमाणे असेल तरच. सेकंदाला २६०० फुटांऐवजी २५९० फूट निघाला की गोळी साधारण ९ सेंटीमीटर खाली लागते. अमेरिकेतल्या एफ-क्लास स्पर्धेत या अंतरावर दहा गुणांचं वर्तुळ दहा इंचांचं असतं, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत जेमतेम १३ सेंटीमीटर. दहा फुटांच्या फरकात त्यातलं निम्म्याहून अधिक संपलं. वाऱ्याची चूक लक्ष्यावर आडवी दिसते, वेगाची उभी. एवढं लक्षात ठेवलंत तरी पुरे.

या मंडळींचं वजनाचं माप मला फार आवडतं. सगळं ग्रेनमध्ये. ग्रेन म्हणजे धान्याचा दाणा, आणि हे माप आपल्याला परकं नाही. आपला तोळा बरोबर १८० ग्रेनचा! लांब पल्ल्याला १८० ग्रेनची गोळी बरीच चालते, म्हणजे मित्राच्या प्रत्येक बाराला बरोबर एक तोळा धातू जातो. (सोनं नव्हे, तांबं आणि शिसं. तरी त्याच्या क्रेडिट कार्डाकडे बघून सोनंच वाटतं.) तोळ्याच्या ९६ गुंजा, म्हणजे एक गुंज पावणेदोन ग्रेनहून थोडी जास्त. अशा काडतुसात दारूचं वजन एक दशांश ग्रेननं चुकलं तर वेग पाचेक फुटांनी हलतो. एक दशांश ग्रेन म्हणजे गुंजेचा एकोणिसावा भाग. मुरुमच्या सराफाच्या काट्यावर हा फरक तिसऱ्या दशांश स्थळावर दिसेल. दारू हा झाला एक घटक. पुंगळीच्या आतलं आकारमान, तिच्या तोंडाची गोळीवरची पकड, टोपीची ठिणगी आणि बॅरल किती तापलंय, हे सगळे आपापला थोडा थोडा फरक त्यात मिसळतात.

आता त्या हिरव्या सेलकडे येतो.

आपल्यापैकी ज्यांनी सर्व्हरचं लोड टेस्टिंग केलंय त्यांना सरासरीवर विश्वास ठेवायचा नसतो हे कळतं. सरासरी दोनशे मिलिसेकंद असेल हो, पण शंभरात एका गिऱ्हाइकाला चार सेकंद लागत असतील तर फोन त्याचाच येतो. नेमबाजीतही तसंच. सरासरी वेग २६०० की २६३०, यानं काही बिघडत नाही, बटण तेवढं फिरवायचं. बिघडवतो तो फैलाव. तो मोजायचं माप म्हणजे प्रमाण विचलन, आपलं एसडी. मित्रानं बारा वेगवेगळी मिश्रणं भरली, प्रत्येकाच्या पाच गोळ्या वेगमापकासमोर झाडल्या आणि ज्याचा एसडी सगळ्यात कमी त्याला हिरवा रंग दिला. ऐकायला अगदी शास्त्रीय. जगभरातले हजारो लोक असंच करतात.

मी पायथनमध्ये दहा ओळी लिहिल्या. असं मानलं की बाराही मिश्रणं एकसारखी आहेत, सगळ्यांचा खरा एसडी ९ फूट, कुणात काही विशेष नाही. मग संगणकाला प्रत्येकाच्या पाच-पाच गोळ्या झाडायला लावल्या, आणि हा खेळ लाख वेळा खेळला. निम्म्याहून जास्त वेळा बारांपैकी किमान एका मिश्रणाचा एसडी ४ किंवा त्याहून कमी आला. म्हणजे सगळी बारा भावंडं सारखीच असताना दर दुसऱ्या खेपेला कुणीतरी एक हुशार ठरतं. ज्याला कागदावर करायचंय त्यानं काय-वर्गाचा तक्ता घ्यावा: पाच गोळ्यांवरून ४ हा एसडी आला तर ९५ टक्के खात्रीनं एवढंच म्हणता येतं की खरा आकडा २.४ ते ११.५ यांच्यामध्ये कुठंतरी आहे. हे उत्तर नव्हे, हा पंचांगातला पावसाचा अंदाज झाला. तीस गोळ्या झाडल्या तर तीच मर्यादा ३.२ ते ५.४ होते. तिथून पुढं बोलण्यात अर्थ आहे.

मी फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "तीस-तीस गोळ्या कुठं झाडत बसू बे? बॅरल झिजतं, पैसा जातो."

"मग बारा मिश्रणं कशाला भरायलास? दोन भर, तीस-तीस झाड."

"दोनमधनं बेस्ट कसं मिळणार?"

हा प्रश्न आपल्या धंद्यातही रोज ऐकू येतो, आणि मला तो मुळातच चुकीचा वाटतो. बारा पर्यायांवर पाच-पाच निरीक्षणं केली की "बेस्ट" सापडतोच, कारण तो सापडणं अटळ असतं. हापिसात बटणाचे बारा रंग तपासून तेराव्या दिवशी जिंकलेल्या रंगावर प्रेझेंटेशन करणारे आपण सगळे याच पंथाचे. त्या प्रेझेंटेशनमुळे कुणाचं काही जात नाही, म्हणून ते खपतं.

दुसरी गोष्ट मी त्याला सांगितली ती जास्त झोंबली. हजार यार्डावर तुझा स्वतःचा, म्हणजे हाताचा, श्वासाचा आणि रायफलीचा मिळून उभा फैलाव समजा १५ सेंटीमीटर आहे. एसडी ९-१० फुटांचा असेल तर वेगामुळे आणखी ९ सेंटीमीटर. दोन्ही स्वतंत्र, म्हणून बेरीज सरळ होत नाही, वर्गांची होते: एकूण साडेसतरा. आता रात्र-रात्र जागून, काट्यावर दाणे मोजून तू एसडी निम्म्यावर आणलास. एकूण किती झालं? पावणेसोळा. दोन सेंटीमीटरसुद्धा वाचले नाहीत. तोच वेळ सरावाला देऊन हात १५ वरून १२ वर आणला असतास तर एसडीला हात न लावता पंधरावर आला असतास. जो भाग सगळ्यात मोठा त्यालाच आधी हात घालायचा, हे आपण प्रोग्रॅम वेगवान करताना शिकलेलो असतो आणि छंदात पहिल्या दिवशी विसरतो.

त्यावर तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "तिकडं ऊन कसंय?"

ऊन म्हटलं की आणखी एक आठवलं. दारूच्या जळण्याचा वेग तापमानावर अवलंबून असतो. काही जातींच्या दारूत एका फॅरनहाइट अंशाला गोळीचा वेग फुटाभरानं बदलतो. मुरुमला डिसेंबरातल्या सकाळी १५ अंश आणि मेच्या दुपारी ४१-४२ असतं. फरक झाला ४५ फॅरनहाइट अंशांच्या वर. म्हणजे एसडी ४ चा डोलारा राहिला बाजूला, सरासरीच चाळीस-पन्नास फुटांनी सरकली. म्हणून वेगाच्या आकड्याशेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा अर्धाच आहे असं मी धरतो.

असो. अमेरिकेतल्या गॅरेजातून आता घरी येऊ.

आपल्याकडं हा छंद करता येत नाही, आणि माझ्या मते ते ठीकच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम ५ परवान्याशिवाय दारूगोळा बनवायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची किमान शिक्षा सात वर्षं आहे. अधूनमधून कुणीतरी म्हणतं की खेळाडूंना तरी घरी काडतुसं भरू द्या, म्हणजे खेळ वाढेल. मला हे पटत नाही. एक तर आपली वस्ती दाट. चाळीत, फ्लॅटमध्ये शेजाऱ्याच्या भिंतीला लागून दारूचे डबे नकोत. दुसरं म्हणजे मागणीचा पत्ताच चुकलाय. आपली पोरं पदकं मिळवतात ती ५० मीटर रायफलीत. तिथं पॉइंट टू टूचं रिमफायर काडतूस लागतं. त्यात टोपी वेगळी नसतेच, पेटणारा मसाला पुंगळीच्या काठात भरलेला असतो. एकदा काठ चेचला की पुंगळी भंगारात. ते काडतूस तिकडचा मित्रही घरी भरत नाही.

मग या पोरांनी वेगाचा सारखेपणा आणायचा कुठून? विकत. आणि खरी अडचण इथंच आहे.

१ ऑगस्ट २०२४ ला स्वप्निल कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं कांस्य मिळवलं. ऑलिंपिक पॅरिसचं, पण नेमबाजी झाली शातोरूला. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, मध्य रेल्वेत नोकरी. १९५२ च्या खाशाबा जाधवांनंतर बहात्तर वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक पदक मिळालं. त्याचा स्कोअर होता ४५१.४. त्यातला 'पॉइंट चार' बघा. फायनलमध्ये गुण दशांशात मोजतात. या टार्गेटवर एक दशांश गुण म्हणजे ०.८ मिलिमीटर. बॉलपेनच्या रेघेएवढं.

आता हिशोब. या काडतुसाची गोळी ४० ग्रेनची, एकवीस गुंजा. वेग सेकंदाला ३३० मीटरच्या आत. मुद्दाम आवाजाच्या वेगाच्या खाली ठेवतात, कारण ती सीमा ओलांडून परत आलेली गोळी डळमळते. ५० मीटर जायला तिला सेकंदाच्या सहाव्या भागाहून थोडा कमी वेळ लागतो आणि तेवढ्यात ती १२ सेंटीमीटर खाली येते. वेग एक टक्का कमी, म्हणजे ३ मीटरच्या आसपास, की गोळी अडीच मिलिमीटर आणखी खाली. अडीच मिलिमीटर म्हणजे तीन दशांश गुण! (बॅरलच्या थरथरीमुळे यातलं थोडं आपोआप भरून निघू शकतं, पण ते ज्याच्या त्याच्या रायफलीवर आहे.) नवशिक्याला या तीन दशांशांचं सोयरसुतक नसतं, त्याचा हातच दोन-तीन सेंटीमीटर हलतो. वर केलेला वर्गांचा हिशोब इथंही लागू. म्हणून शाळकरी पोराला महागातला दारूगोळा घेऊन देणाऱ्या आईबापांना माझं हात जोडून सांगणं आहे, तेच पैसे जास्त गोळ्यांवर घाला. पण ज्या मुलीचा हात चार मिलिमीटरवर आलाय तिच्यासाठी ते अडीच मिलिमीटर म्हणजे राष्ट्रीय संघ आणि घर यांच्यातलं अंतर असू शकतं. तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला जगज्जेती झाली ती ६०० पैकी ५९७ गुणांवर. तिथं गोळीच्या चुकीला जागाच उरत नाही.

परदेशातले मोठे नेमबाज काय करतात? बॅच तपासतात. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या डब्यांतही बॅचगणिक फरक असतो, आणि प्रत्येक बॅरलला वेगळी बॅच मानवते. म्हणून इंग्लंडात बर्मिंगहॅमला एलीच्या आणि जर्मनीत शोनेबेकला लापुआच्या चाचणी केंद्रात खेळाडू आपली रायफल घेऊन जातात. रायफल शिकंज्यात आवळतात, माणसाचा हात पूर्ण बाजूला, आणि एकामागून एक बॅच झाडून बघतात. जी जमली ती हजारोंनी उचलून आणायची. काडतूस घरी न भरता सारखेपणा मिळवायचा हा मार्ग आहे, आणि तो उत्तम आहे.

आपल्याकडचं अव्वल नाव तिथवर पोचतं. पण राज्य पातळीवर खेळणारं, अजून नाव न झालेलं पोर? त्याला जो डबा मिळेल तो. स्वप्निलच्या वडिलांनी गोळ्यांसाठी कर्ज काढलं होतं हे पदकानंतर वर्तमानपत्रांत छापून आलं, आणि आपण सगळ्यांनी डोळे पुसून ते फॉरवर्ड केलं. मला त्या बातमीत वेगळीच गोष्ट टोचली. कर्ज काढून आणलेला डबा आपल्या मुलाच्या बॅरलला मानवतो की नाही हे कळायचा अशा बापाकडं काय मार्ग असतो? पोर नऊ गुणांवर गोळी मारतं. चूक हाताची की डब्याची, हे त्यालाही कळत नाही आणि कोचलाही नाही. मग दोष हातालाच जातो. चौदा-पंधरा वर्षांचं पोर न केलेली चूक सुधारत बसतं, चांगला असलेला पवित्रा बदलतं. प्रोग्रॅम बरोबर असताना मशीनच्या खराब मेमरीपायी आठवडाभर कोड उलटापालटा केलेल्यांना ही वेदना समजेल.

हे आपल्याला न जमण्यासारखंही नाही. महाराष्ट्र हा दारूगोळ्याचाच प्रदेश आहे. खडकीचा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा, आणि २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून ज्या सात कंपन्या झाल्या त्यातली दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया पुण्यातच आहे. बॅच करायची, क्रमांक द्यायचा, नमुना झाडून बघायचा आणि मग पास करायची, ही शिस्त तिथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर एकेकाळी मलिक-ए-मैदान तोफ होती, नगरला १५४९ मध्ये ओतलेली, सतराव्या शतकात विजापूरला नेलेली. तिच्या काळी तोफ केवढी याला महत्त्व होतं. दुसरा गोळा पहिल्यासारखाच जाईल का, हा प्रश्न मोजमापाच्या जमान्याचा. बेंजामिन रॉबिन्सनं गोळीचा वेग लंबकानं मोजायची रीत छापली ती १७४२ मध्ये. आज तेच काम टेबलावर ठेवायचा, तळहाताएवढा रडार करतो आणि त्याची किंमत चांगल्या स्पर्धेच्या रायफलीच्या किमतीपुढं किरकोळ आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. बालेवाडीच्या रेंजवर एक पक्का शिकंजा आणि एक वेगमापक रडार ठेवा, आणि महिन्यातले दोन शनिवार राज्यातल्या कुठल्याही परवानाधारक ज्युनियर खेळाडूला मोफत उघडे करा. मुरुमहून बालेवाडी तीनशे किलोमीटरच्या वर आहे, रात्रीच्या एसटीनं पोर सकाळी पोचेल. दारूगोळा मागवताना दहा-वीस खेळाडूंनी मिळून मागवावा, चार-पाच बॅचचे नमुने आधी घ्यावेत, आणि निवडलेली बॅच सगळी उचलावी. एका पोराला हे परवडणार नाही, वीस पोरांना परवडेल. पाच गोळ्यांवर कुणी पास-नापास ठरवू नये, दर बॅचला तीस. एनसीसीत आम्हाला पाच गोळ्या मिळायच्या, त्यांच्या ग्रुपवरून कोण नेमबाज आणि कोण नाही हे ठरायचं, आणि ते आयुष्यभर चिकटायचं. तेवढं तरी पुढच्या पिढीच्या वाट्याला नको.

आणि आकडे लपवू नका. कंपन्या आपले लपवतील, आपल्याला काय गरज? रेंजच्या भिंतीवर तक्ता लावा: बॅच क्रमांक, बॅरलची जात, त्या दिवशीचं तापमान, तीस गोळ्यांचा सरासरी वेग, एसडी, आणि शिकंज्यातला उभा-आडवा फैलाव मिलिमीटरमध्ये. तक्ता सांभाळायला कुणी नसेल तर मला सांगा. माझे शनिवार तसेही असल्या फाइली उघडण्यात जातात.